लग्नानंतरचं केळवण

वाकोला, रविवार, संक्रांतीच्या आधीचा

सगळ्यांच्या आधी कोण टपकलं असेल, सांग. तुझा व्याही! पाचला येतो म्हणाले होते आणि चारलाच बेल. मी स्वयंपाकघरात खाली बसून कोलंबी सोलतेय, पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात वासाचे. मला वाटलं शेजारची कमल असेल, तिला दुपारची झोप लागत नाही आणि दुसऱ्याला ती लागू देत नाही. "उघडंच आहे गं, ढकल," म्हटलं तर दारात हे उंच गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. म्हणाले, "मी नंदकुमार. अनयचे बाबा. मुलुंडहून निघालो, रस्ता मोकळा मिळाला."

ऋतिकाने मला दहादा बजावलं होतं, आजी, ते लोक शाकाहारी, त्या दिवशी घरात वास नको. मी म्हटलं होतं चारपर्यंत सोलून फ्रीजमध्ये टाकीन, उदबत्ती लावीन, पाचला साडी बदलून बसीन. आता काय करतेस! टोपलीवर ताट झाकलं तर कोलंबीच्या मिश्या बाहेर. ते वाकून बघतात नि हळूच विचारतात, "सुकी करणार की रसातली?"

मी बघतच राहिले. म्हटलं, "तुम्ही खाता?"

"बँकेत असताना डब्यातून खायचो. घरी माहीत नाही."

पाचला त्यांच्या मिसेस आल्या, उत्तराबाई, गोऱ्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला. आल्या आल्या नाक वर करून म्हणाल्या, "यांना कोलंबीजवळ बसू दिलंत ना? यांना वाटतं मला माहीत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहितीय." कमल दारामागे होतीच, ती एवढ्यांदा हसली की लपायचं राहिलं.

हां, आशीर्वाद लिहायचा राहिला. चि. जयवंतास अनेक आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस. कमलने मेसेज टाकला तर म्हणाली, काकी, निळी खूण आली, पण उत्तर नाही. म्हणून पत्र. पत्र कट करता येत नाही. बाळा पोस्टमन तुझ्या हातात देईल, तोवर उभा राहील, आणि "आये काय म्हणता?" असं विचारील. त्याच्यासमोर फाडायची तुझी छाती नाही, मला माहीत आहे. चौथीपर्यंत मास्तरांनी जी भाषा शिकवली तीत लिहिते. बोलायला लागले की मालवणीच येते, पण कागदावर मालवणी लिहिली की मला मीच भांडतेय असं वाटतं.

आता मुद्दा. तू गणपतीला गावाला गेलास तो तिकडेच राहिलास. दसरा झाल्यावर ऋतिकाने लग्न केलं. तुला आधी फोन केला होता, तूच म्हणालास, माझ्या घरात त्याचं नाव काढायचं नाही, आणि फोन बंद. तेव्हापासून तू त्या मुलाला "तो" म्हणतोस. बरं, म्हण. पण आज उत्तराबाई चहा पिता पिता सहज बोलून गेल्या. त्यांच्या भाचीचं केळवण होतं, सगळे गेले होते. रांगोळी, पाटाला फुलं, पाच पक्वान्नं. म्हणाल्या, "ऋतिका नुसती ताटाकडे बघत बसली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली काही नाही, छान सजवलंय."

जयवंता, मला ते लागलं. बोचलंच. आपल्या घरचं मूल दुसऱ्याच्या केळवणाचं ताट बघत बसलं.

मी तिथल्या तिथे बोलून टाकलं. "रथसप्तमीनंतरच्या रविवारी केळवण. माझ्याकडे. तुम्ही सगळ्यांनी यायचं."

कमल म्हणाली, "काकी, केळवण लग्नाआधी असतं."

"लग्न त्यांनी घाईने केलं, केळवण मी सावकाश करते," म्हटलं. आणि करणार. तुला बोलावणं हेच. तू ये.

तुझी आई

ता.क. कोलंबी रसातलीच केली. व्याह्यांना डबा दिला, उत्तराबाईंच्या समोर.


वाकोला, शुक्रवार, संक्रांत होऊन गेली

तिळगूळ पाठवते आहे, कागदाच्या पुडीत. लाडू फुटले असतील तर फुटके खा. गोड तेवढंच लागतं.

दशरथभाऊजी आले होते. तुझा काका असला तरी तुझ्याहून चारच वर्षांनी मोठा, पण काकाचा रुबाब असा की लिफ्टमधून उतरतानाही घसा खाकरतो. त्यांना मी रीतसर सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, हे म्हणजे वरातीमागून घोडं."

मी म्हटलं, "मागून आलं तरी घोडंच ना? गाढव तर नाही!"

हसले नाहीत. म्हणाले जेवायला येईन की नाही ते बघू, पण गाऱ्हाणं मी घालणार नाही. ते जयवंताचं काम. तो नसताना मी तोंड उघडलं तर गावात मला विचारतील.

इथेच सगळं अडलं बघ. उत्तराबाईंनी मला विचारलं होतं, गाऱ्हाणं म्हणजे काय हो आजी? मी म्हटलं, तुमच्यात भटजी मंत्र म्हणतात, आमच्यात घरचा माणूस देवाशी सरळ बोलतो. नारळ ठेवतो, हात जोडतो, मोठ्याने सांगतो की बाबा, आज आमच्याकडे असं असं आहे, ह्यांची नावं अशी अशी, सांभाळून घे. आणि बाकी सगळे प्रत्येक वाक्याला म्हणतात, व्हय म्हाराजा. त्या म्हणाल्या, "म्हणजे साक्षीदारच की सगळे." बाई हुशार आहे.

तुझे बाबा घालायचे तेव्हा गल्ली जमायची. मिलमधून आले की चहाच्या आधी कुणी ना कुणी दारात, दाजीनू, आज आमच्याकडे नारळ ठेवूचो हा. पुढे तू घालायला लागलास. चाळीतल्या किती पोरींच्या लग्नात तू उभा राहिलास रे! चाळ पाडली, ही सात मजली इमारत झाली, तरी लोक तुलाच बोलवायचे. आणि स्वतःच्या चेडवाच्या वेळी गावाला जाऊन माडांना पाणी घालत बसलास.

तुझे बाबा तुला शिकवायचे ते मला अजून ऐकू येतं. आधी गावचा देव. मग माउली. मग घराण्याचा मूळपुरुष. आणि मग शिवेवरचा राखणदार. त्याला कधी विसरायचं नाही. बाकीचे देव घरात राहणाऱ्यांना बघतात, हा वेशीवर बसून बाहेर गेलेल्यांना बघतो. त्याला वगळलं तर गेलेलं माणूस वाट चुकतं, परत येत नाही. तू लहान असताना एकदा वगळलास तेव्हा त्यांनी सगळं गाऱ्हाणं पहिल्यापासून घालायला लावलं होतं. जेवण थंड. लोक वैतागले. पण तू पुन्हा कधी चुकला नाहीस.

तर ते काम तुझं आहे. आणि गाऱ्हाण्यात "तो" असं म्हणून चालत नाही. देवाला नाव सांगावं लागतं. तुझं घोडं तिथे अडलंय, मला कळत नाही असं समजू नकोस.

मुलगा वाईट नाही रे. पवईला कामाला आहे, कॉम्प्युटरचं काहीतरी, मला दोनदा समजावलं, मी दोनदा हो म्हटलं. त्या दिवशी वांद्र्याच्या ऑफिसात साहेबाने मला सही करायला लावली आणि माझं पेन चालेना, तर त्याने स्वतःचं दिलं आणि कागदाखाली हात धरला, टेबल हलत होतं म्हणून.

हां. आता निसटलंच आहे तर लिहिते. साक्षीदार मी होते. कुणीतरी आपल्या घरचं हवं होतं. क्षमा असती तर ती गेली असती. सून माझी देवाघरी गेली, तू शाळेच्या पोरीच्या वेण्या घालायला शिकलास, डबे भरलेस, सगळं केलंस. मग त्या दिवशी तिच्या मागे कोणीच नको उभं राहायला? मी राहिले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा राहीन. रागव. पण कागद फाडू नकोस, मागच्या बाजूला तिळगुळाचा हिशोब नाही, नुसता आशीर्वाद आहे.

आई


वाकोला, शनिवार, माघी गणपती

आज शेवगा काढला, शिरवाळे पाडायचा आपला लाकडी साचा. माळ्यावर होता, तुझ्या जुन्या बॅगांच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. लाकडाला काही झालं नाही. तेल लावून पुसला. कमल म्हणाली, काकी, आता शिरवाळे कोण करतं, बाहेरून जिलेबी मागवा. मी म्हटलं, जिलेबी कुणीही देतं. केळवणाला नवऱ्या मुलीला माहेरचं खायला घालायचं असतं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी आणि शिरवाळे, तांदळाच्या ताज्या शेवया, नारळाच्या रसात बुडवून. तिला लहानपणापासून तेच आवडतं. आणि सगळं उत्तराबाईंना चालणारं. कोलंबी वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या कोपऱ्यात, नंदकुमारांच्या नावाने.

पण शेवगा दाबायला माणूस लागतो. दरवेळी तू दाबायचास. गरम गोळा आत घातला की लगेच दाबला पाहिजे, थंड झाला की दगड. माझ्या मनगटात आता जोर नाही, म्हणून म्हटलं आधी एकदा करून बघू. ऋतिका आणि अनय आले. (नाव लिहिलं. पत्र माझं आहे.)

त्याने बाह्या सरसावल्या, आणि दाबतो तर काय, दांड्यावर लोंबकळलाच! दोन्ही पाय वर! शेवगा करकरला, मी ओरडले, ऋतिका खाली बसून पोट धरून हसतेय. खालून शिरवाळे आले ते एवढेसे, शेवयांच्या ऐवजी गांडुळं. तो म्हणतो, "आजी, मशीनचा काहीतरी प्रॉब्लेम आहे."

"मशीनचा नाय बाबा, ड्रायव्हरचा," म्हटलं.

पण त्याने सोडलं नाही. घामाने शर्ट भिजला तरी सगळं पीठ संपवलं. वाकडेतिकडे झाले, पण झाले. मग स्वतः केलेले म्हणून चार वेळा वाढून घेतले. बोलतो कमी, खातो बरं. "व्हय म्हाराजा" पाठ करतोय. त्याच्या तोंडी ते "व्होय महाराजा" असं येतं, जसं काही दरबारात उभा आहे. ऋतिका त्याला शिकवते आणि तो मुद्दाम चुकतो, तिला हसवायला. मला ते दिसतं.

जाताना ऋतिका चपला घालता घालता पाठमोरी म्हणाली, "आजी, पप्पांचा काही निरोप?"

मी म्हटलं, "येतील."

शेवगा उचलून तिने पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला, तू गुंडाळतोस तसा, दोरी दोनदा फिरवून.

दशरथभाऊजींना मी पुन्हा फोन केला. त्यांचं तेच. जयवंत नाही तर मी नाही. मी त्यांना विचारलं, "बाईने घातलेलं गाऱ्हाणं देव ऐकत नाही असं कुठे लिहिलंय?" ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही काय बोलताय!" म्हटलं, "मी विचारतेय. लिहिलं असेल तर दाखवा, मी चौथी पास आहे, वाचीन."

तर कळवते. नारळ रविवारी साडेबारा वाजता ठेवणार. तू आलास तर तू घालशील. नाहीतर मी घालीन. रांडमुंड बाई मोठ्याने गाऱ्हाणं घालते म्हणून कुणाला तोंड वाकडं करायचं असेल त्याने करावं, जेवताना तोंड सरळ करावंच लागेल.

आई


वाकोला, मंगळवार, रथसप्तमी

हे कमल स्पीड पोस्टने टाकणार आहे, म्हणून थोडक्यात.

घर पुरणार नाही, म्हणून सातव्या मजल्याचा अख्खा पॅसेज घेतलाय. सेक्रेटरी म्हणाला, आजी, पॅसेजमध्ये कार्यक्रम करायची परवानगी नाही. मी म्हटलं, कार्यक्रम कुठे, जेवण आहे, तुमचं पान मांडू की नको? तो म्हणाला, मांडा. खुर्च्या मंडळाकडून. कमलचा जावई पंखे आणतोय. विमानांचं मात्र काही करता येत नाही, वाकोल्यात राहायचं तर डोक्यावरून जाणारच. मी थांबेन, ते जाईल, मग पुढे बोलेन.

मी घोकतेय. असं म्हणणार आहे, बघ:

बा देवा रवळनाथा, गावच्या म्हाराजा. आई माउली. घराण्याच्या मूळपुरुषा. आज तुमच्या लेकरांनी तुमच्याम्होरं नारळ ठेवल्यानी हा. लगीन झाला, तुमका सांगूचा ऱ्हवला, ता आज सांगतंव. काय चुकला माकला आसात ता पोटात घाला. ह्या चेडवाक आणि तिच्या घोवाक सुखात ठेवा.

एवढंच. सगळं आलं ना? मला वाटतं आलं. काही राहिलं असेल तर कळव. नाहीतर मी असंच म्हणीन, सगळ्यांसमोर, मोठ्याने.

आई


वाकोला, सोमवार, काल झालं एकदाचं

आज सकाळी अंग असं दुखतंय की जणू मीच शेवगा दाबला. पण आधी हे लिहिते, मग झोपते.

पहिलं कोण आलं विचार. दशरथ! दहा वाजता, पांढरा सदरा, वर जाकीट. म्हणाला, "मी फक्त बघायला आलोय." म्हटलं, "बघा हो, बघायला पैसे नाहीत." बघता बघता त्याने खुर्च्यांच्या रांगा सरळ केल्या, कमलच्या जावयाला पंखे कसे लावायचे ते शिकवलं, सोलकढी चाखून मीठ कमी म्हणाला. मीठ बरोबर होतं. त्याला बरं वाटावं म्हणून मी चिमूटभर टाकल्यासारखं केलं.

नंदकुमार यावेळी वेळेवर आले. उत्तराबाईंनी धरून ठेवले असणार. ऋतिकाने क्षमाची हिरवी पैठणी नेसली होती. मी दिली. तुला न विचारता कपाटातून काढली, सांगून ठेवते. नेसून पॅसेजमध्ये आली तर कमलने कानशिलावर बोटं मोडून तिची दृष्ट काढली. पाटाभोवती रांगोळी मी काढली, हात कापतो म्हणून वेल जरा नागमोडी आली, पण वेल नागमोडीच असते. केळीच्या पानावर सगळं वाढलं. ऋतिका पाटावर बसली आणि ताटाकडे बघत बसली. मी म्हटलं, "आता नुसतं बघू नको, हे तुझंच आहे." तिने मान खाली घातली. उत्तराबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, त्यांनाही ते आठवलं असणार.

साडेबारा झाले. मी नारळ ठेवला, विडा ठेवला, निरांजन लावलं. हात जोडले, घसा साफ केला, आणि माझा फोन वाजला.

तुझं नाव मला वाचता येतं रे. मी उचलला. "जयवंता?" तू काही बोलला नाहीस. पण मागे पंपाचा आवाज येत होता, आपल्या विहिरीवरचा, धक्के खाणारा. आणि एक कोंबडं. मी म्हटलं, बोलू नको, ऐक. फोन बाजूला धरला तर अनयने तो हळूच माझ्या हातातून घेतला, काहीतरी दाबलं, आणि तुझा पंप अख्ख्या पॅसेजला ऐकू यायला लागला.

मी सुरू केलं. बा देवा रवळनाथा, गावच्या म्हाराजा. "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत जोरात नंदकुमार, आणि एक शब्द उशिरा. आई माउली. "व्हय म्हाराजा!" घराण्याच्या मूळपुरुषा. "व्हय म्हाराजा!" आणि मग मी म्हटलं, आज तुमच्या लेकरांनी तुमच्याम्होरं नारळ...

"आये, शिवेवरचो ऱ्हवलो मां!"

फोनमधून. असा ओरडलास की निरांजन हललं असं कमल म्हणते.

मी म्हटलं, "काय ऱ्हवला?"

"शिवेवरचो राखणदार! बाबांनी किती सांगलेला! तेका वगळून पुढे जावचा नाय. पत्रातपण नव्हतो. माका वाटला लिहिताना ऱ्हवलो."

"माझो घसो सुकलो," म्हटलं. "मगे तूच म्हण."

कमलचं म्हणणं आहे की मी मुद्दाम चुकले. तिला काहीही वाटतं. माझं वय झालंय, आठवत नाही. विसरते मी.

किती वेळ नुसता पंपच चालू होता. मग पंप बंद झाला. कोणीतरी जाऊन बंद केला असणार, आणि तिथे तुझ्याशिवाय कोण आहे? मग तुझा आवाज आला, खणखणीत, पहिल्यापासून, बाबांच्या पद्धतीने. बा देवा रवळनाथा! दशरथने जाकिटाचं बटण लावलं आणि ताठ उभा राहिला. शिवेवरच्या राखणदाराला तू हाक मारलीस तेव्हा "व्हय म्हाराजा" एवढ्या जोरात झालं की सहाव्या मजल्याचे लोक वर आले. नंदकुमार आता वेळेवर म्हणायला लागले होते. अनय सुद्धा, आणि त्याचं बरोबर आलं. मुद्दाम चुकला नाही.

मग तू म्हणालास, ह्या माझ्या चेडवाक, ऋतिकाक. व्हय म्हाराजा. आणि तिच्या घोवाक.

आणि थांबलास.

डोक्यावरून विमान जात होतं. सगळ्यांना वाटलं, विमानामुळे थांबलास. उत्तराबाईंनी तर खुणेने सांगितलंसुद्धा, जाऊ दे, जाऊ दे. विमान गेलं. लांब गेलं. तुझ्याकडे कोंबडं ओरडलं. ऋतिकाने पैठणीचा काठ मुठीत धरला होता. मी तिच्याकडे बघितलं नाही, मी नारळाकडे बघत होते.

"तिच्या घोवाक, अनयाक, सुखात ठेव. जी काय इडापिडा आसात ती दूर कर. वाटेत सांभाळ."

व्हय म्हाराजा म्हणायचं सगळे विसरले. पहिला दशरथ म्हणाला, मग सगळे.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. तुझा आवाज इतका वेळ ज्याच्या हातात होता तो अनय. दोन्ही हातांनी फोन धरून उभा होता, ओंजळीत तीर्थ धरतात तसा. हलला नाही. त्याचं नाव आलं तेव्हा डोळे मिटले होते, पण हात तसाच.

आणि मग तू काय विचारावंस? बाप म्हणून पोरीशी बोलशील, जावयाला दोन शब्द सांगशील, म्हणून सगळे कान देऊन उभे. तर म्हणे, "शिरवाळ्यांचो शेवगो कोणी दाबल्यान?"

अनय म्हणाला, "मी. मी, अनय."

"लोंबकळूचा नाय. खांद्यान दाबूचा. दांडो खांद्यार घे, पाय भुईक."

"हो पप्पा," तो म्हणाला. आणि तू फोन ठेवलास.

ऋतिका रडली आणि हसली, दोन्ही एकदम, क्षमासारखी. मी सुद्धा मनातल्या मनात हसले. शेवग्यावर तो लोंबकळला हे मी फक्त तुला लिहिलं होतं. म्हणजे बाळा पोस्टमनसमोर उघडत नसलास तरी, वाचतोस. दोनदा वाचत असशील.

जेवण चांगलं झालं. वडे फुगले. शिरवाळे कालच्या खेपेला सरळ आले, तुझी सूचना जरा उशिरा मिळाली, पण त्याने स्वतःच युक्ती शोधली होती. उत्तराबाईंनी नारळाचा रस दोनदा मागून घेतला, गुडघ्याचं नाव काढलं नाही. नंदकुमारांना कोलंबी बायकोने स्वतः वाढली. दशरथ जाताना माझ्या पाया पडला, म्हणाला, "वहिनी, घोडं बरं होतं."

निघताना चौघं दारात उभे, अनय, ऋतिका, नंदकुमार, उत्तराबाई. "येतो आजी, पुन्हा येऊ." मी म्हटलं, पुन्हा येऊ असं सगळेच म्हणतात, दिवस सांगा. आणि इथे यायचं नाही. इथे मी शिमग्याला नसतेच, मी गावाला असते. देवाची पालखी आपल्या खळ्यात, अंगणात येते, तिथे गाऱ्हाणं होतं, तिथे घरच्या माणसांनी उभं राहावं लागतं. नंदकुमारांनी खिशातून फोन काढला, अनयला रजेचं विचारलं, उत्तराबाईंनी माझ्या देखत तारीख लिहून घेतली. अनय म्हणाला, "तिथे शेवगा आहे ना, आजी?" म्हटलं, तिथे मोठा आहे.

तर तांदूळ धुऊन, सुकवून, दळून ठेव. पाहुण्यांच्या खोलीतले माडाचे झाप काढ. पंप दुरुस्त कर, उत्तराबाईंना तो आवाज झोपू देणार नाही. अंगावर नीट शर्ट घाल. मी चार दिवस आधी येते, तुझ्यावर लक्ष ठेवायला. आणि गाडी वेशीवर थांबवून आधी राखणदाराला नारळ ठेवायचा, मग घरात, हे मी त्यांना सांगितलंय, तू पुन्हा सांगू नकोस.

लिहून ठेव. मंगळवारी येतो म्हणालेत, रंगपंचमीच्या आदल्या दिवशी.